'एड्सग्रस्त' लिहिलं तर चालेल का?

प्रश्न: आरोग्य धोरणाच्या एका मसुद्याचं भाषांतर करतेय, त्यात 'पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही' सारखं सारखं येतं. सरळ 'एड्सग्रस्त' लिहू का? छोटा आहे, पटकन कळतो.

उत्तर: नका लिहू प्लीज. एक तर तो चूकच आहे, एचआयव्ही हा विषाणू, एड्स ही त्याची पुढची अवस्था, आणि वेळेवर गोळ्या चालू झालेला माणूस त्या अवस्थेपर्यंत बहुतेकदा जातच नाही मग त्याला एड्सग्रस्त कसं म्हणणार? आणि 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला, ग्रहणातला सूर्य असतो तसा. 1983 साली अमेरिकेत डेन्व्हरला, एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध यायच्या 4 वर्षं आधी, हा आजार असलेल्या लोकांनीच जाहीरनामा काढून ठणकावून सांगितलं की आम्हाला बळी म्हणू नका, पेशंटसुद्धा आम्ही कधीमधीच असतो, आम्ही एड्स असलेली माणसं आहोत. निर्णय होतात तिथे आम्ही असलोच पाहिजे हेही त्याच जाहीरनाम्यात होतं. पुढे 1994 ला पॅरिसमधे 42 देशांनी याच तत्त्वाला पाठिंबा देणाऱ्या घोषणापत्रावर सह्या केल्या. म्हणजे नुसता शब्दाचा हट्ट नव्हता तो.

प्रश्न: मग 'बाधित'? पेपरात तेच असतं.

उत्तर: चालतो, मीही वापरलाय. पण बाधा म्हटलं की भूतबाधाच आठवते हो. मला 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' जास्त पटतं, लांब आहे, असू दे, त्यात 'जगणारी' आहे.

प्रश्न: ओके. अजून एक, 'उपचारास पात्र' असं आहे, ते काढून टाकू? हल्ली सगळ्यांनाच औषध देतात ना.

उत्तर: मसुदा कधीचा आहे ते आधी बघा. हा 'पात्र' शब्द म्हणजे अख्खा इतिहास आहे. जागतिक आरोग्य संघटना आधी सीडी4 पेशी (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, एचआयव्ही त्याच मारतो) 200 च्या खाली गेल्या की औषध द्या म्हणायची, 2010 ला 350 केलं, 2013 ला 500, आणि 2015 ला आकडाच काढला, निदान झालं की उपचार. तोवर माणूस दारात उभा असायचा आणि त्याला सांगायचे तू अजून पुरेसा आजारी नाहीस, नंतर ये. काहीजण नंतर आलेच नाहीत.

प्रश्न: 2011 चा आहे.

उत्तर: मग 'पात्र' तसाच ठेवा. तेव्हा खरंच असं होतं.