ठाण्यासाठी अपराइट पियानो: नवा बी२, के-३०० की जुना यू१?

खाडीकाठ
मुलगी पियानोच्या चौथ्या ग्रेडला आहे, डिजिटलवर आता भागत नाही. घर ठाण्यात खाडीजवळ, तिसरा मजला. समोर तीन अपराइट (उभे) पियानो आहेत: नवा यामाहा बी२ (११३ सेंमी), नवा कावाई के-३०० (१२२ सेंमी) आणि जपानहून आलेला साधारण ४० वर्षांचा यामाहा यू१ (१२१ सेंमी). विक्रेता यू१ला ‘रीकंडिशन्ड’ म्हणतो. आत नेमकं काय बघू?

तारजुळणी
आधी उंची बघा. बी२ मध्ये खर्जाच्या तारा आखूड, म्हणून त्यांच्यावर तांब्याचं वेटोळं जाड चढवावं लागतं आणि सगळ्यात खालचं सप्तक घोगरं वाजतं. शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला हे लवकर जाणवतं.

के-३०० च्या ऍक्शनमध्ये, म्हणजे पट्टी दाबल्यावर तारेवर हातोडा मारणाऱ्या यंत्रणेत, कार्बन फायबर मिसळलेल्या एबीएस प्लास्टिकचे भाग आहेत. ते दमट हवेत फुगत नाहीत, आपल्याकडे हा खरा फायदा. पण पट्ट्या लाकडीच आणि त्यांच्या बुशिंगचं, म्हणजे पट्टीच्या भोकातल्या अस्तराचं, कापड लोकरीचं. पावसाळ्यात दाबलेली पट्टी वर येत नाही, ती बहुधा या कापडामुळे.

पिनब्लॉक
‘रीकंडिशन्ड’ म्हणजे कधी कधी नुसतं पॉलिश आणि घासलेले हॅमर (तारांवर आपटणारे फेल्टचे हातोडे). जुन्या पियानोचा जीव पिनब्लॉकमध्ये, म्हणजे तारा ताणणाऱ्या पिना बसतात त्या लाकडी ठोकळ्यात, असतो. दोनशेहून जास्त तारांचा कित्येक टन ताण तिथल्या लाकडात घट्ट बसलेल्या पिनांनी धरलेला असतो. विक्रेत्याचा नव्हे, तुमचा ट्यूनर न्या आणि प्रत्येक भागातल्या काही पिना त्याला चावीने फिरवून बघू द्या. सहज फिरली तर सूर टिकणार नाही. पिनेवरचं तारेचं वेटोळं लोखंडी चौकटीला टेकलं असेल, तर ती पिन आधीच ठोकून आत घातलेली आहे.

मग ८८ पट्ट्या एकेक करून, हळू आणि जोरात वाजवा. ४४० हर्ट्झचा ‘ए’ फोनवर तपासा. सूर पाव स्वराने उतरला असेल तर तो दोन-तीन टप्प्यांत चढवावा लागतो, आणि गंजलेली तार पिनेजवळच्या वळणावर तुटते. वरच्या टोकाच्या हॅमरवर फेल्ट इतकं घासलेलं की लाकूड दिसतंय, तर घेऊ नका. मागून टॉर्च मारून साउंडबोर्ड (आवाज मोठा करणारी लाकडी फळी) बघा: बारीक भेग चालते, पण वाजवताना झणझण नको. फेल्टला कसर आणि तळाला वाळवी, हेही बघा. वर्ष अनुक्रमांकावरून काढा, तो वरचं झाकण उघडलं की चौकटीवर दिसतो.

खाडीकाठ
खोलीत रात्री एसी असतो. चालेल?

तारजुळणी
रात्री कोरडं, दिवसा दमट, हा रोजचा हेलकावा सतत दमट असण्यापेक्षा वाईट. एसीचा झोत पियानोवर नको. खालच्या फळीआड ह्युमिडिस्टॅट (दमटपणा बघून आपोआप चालू-बंद करणारा स्विच) असलेली हीटर रॉड बसवा, ती बारा महिने चालू ठेवायची. सिलिका जेलच्या पुड्यांनी इतक्या मोठ्या पेटीत काही होत नाही.

पिनब्लॉक
पिना घट्ट निघाल्या तर यू१, नाहीतर के-३००. बी२ जागा किंवा पैसे अगदीच कमी असतील तर. वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास, तेव्हा लिफ्टचं दार आणि खोली आधी मोजा. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे हवेला रुळू द्या, मगच ट्यूनिंग.