डाकीण ठरवलेल्या बाईचा न्याय: पंचांकडे की पोलीस ठाण्यात?

तळोदेकर: नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात बाईला डाकीण ठरवून मारलं की प्रकरण आधी पंचांकडे जातं. दंड घेतला की ‘मिटलं’. माझ्या मते आधी गुन्हाच नोंदवावा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तरी ठाण्यात साध्या मारहाणीची एनसी (अदखलपात्र नोंद) होते, कारण तक्रारीत करणीचा आरोप उतरतच नाही. तिचं नाव कोणत्या भगताने (मांत्रिकाने) घेतलं, कोण काय बोललं, हे सगळं तिच्याच शब्दांत यायला हवं. ती पावरी किंवा भिली बोलत असेल तर दुभाषा आरोपींच्या भाऊबंदांतला नको.

रानवाट: आणि तक्रारीनंतर ती राहणार कुठे? आरोपी म्हणजे दीर, पुतणे, शेजारी. बहुतेकदा डोळा विधवेच्या जमिनीवर असतो. ती माहेरी गेली की शेत गेलंच. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. बलात्काराचा कायदा बदलायला १९८३ उजाडलं. ठाण्यावर भरवसा कसा बसावा? ज्या गावासमोर तिला डाकीण म्हटलं, त्याच गावासमोर पंचांनी शब्द मागे घ्यावा.

तळोदेकर: घ्यावाच, पण गुन्ह्याच्या बदल्यात नाही. पंचांनी वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

कोर्टकचेरी: आरोपीही अनुसूचित जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटी लागत नाही, म्हणजे त्यातली मदतही नाही. राज्य सरकारची ‘मनोधैर्य’ ही मदत योजना बलात्कार, पोक्सो (बालकांवरचे लैंगिक अत्याचार), ॲसिडहल्ल्यासाठी. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. वकील तिथे मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जखमांची नोंद सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी करून घ्या. जमिनीबद्दल रानवाट यांचं खरं आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, रूढी चालते, म्हणून दीर जोरात असतात. नवरा गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या. वनहक्काचा पट्टा तर २००६ च्या कायद्याने नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तिचं नाव गाळलंय का, ते बघा.

रानवाट: गुन्हा नोंदवायला माझा विरोध नाही, तिला एकटं सोडायला आहे. मूल न्यूमोनियाने की सर्पदंशाने गेलं, हे डॉक्टरांनी गावात येऊन सांगितलं नाही तर पुढच्या मृत्यूला बोट पुन्हा तिच्याकडेच. तिची झोप उडालेली असते, पाणवठ्यावर जायची भीती असते. आशाताईने महिनोन्‌महिने घरी जावं, पाण्याला तिच्यासोबत दोन बायका असाव्यात.