काच वितळवायची भट्टी : २५ हजारांत कोणती घेऊ?

आर्णीची_सून : नमस्कार मंडळी. आर्णीजवळ खेड्यात राहते. ह्यांचं खिडक्यांच्या काचांचं दुकान आहे, ४ एमएमच्या उरलेल्या पट्ट्या पोत्यानं पडून असतात. त्या एकावर एक रचून, वितळवून बशा करायच्या आहेत. बजेट २५ हजार, वर एक रुपया नाही. लाईट सिंगल फेज, संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं.

नागपुरी_संत्रं : मी बाहेरून मागवली, झाकणात कॉईल असलेली. दीड लाख गेले, पण सहा वर्षांत तक्रार नाही. स्वस्तात जाऊ नका ताई.

वऱ्हाडी_ठेचा : त्या २५ म्हणून राह्यल्या अन् तुम्ही दीड लाख सांगून राह्यले! ताई, मायक्रोवेव्हमधे ठेवाची डबी घ्या. मी घेतली. रुपयाएवढं लॉकेट होते. बशी नाही होत म्हना. अन् त्या मायक्रोवेव्हमधे मंग भाजी गरम करू नका.

काचवेडी : भट्टीचं नंतर पाहा. खिडकीच्या काचेत बांगड्या मिसळू नका, दोन्हींचं तापल्यावरचं प्रसरण जुळत नाही. मी हिरव्या बांगडीचे तुकडे घातले होते. बशी झकास निघाली, शोकेसमध्ये मांडली. चौथ्या रात्री टण्ण! सकाळी पाहते तर बरोबर बांगडीच्या कडेनं तडा.

वायरमन_भाऊ : १८० व्होल्टवर ३ किलोवॅटची भट्टी १.८ चीच उरते. ताकद व्होल्टेजच्या वर्गानं पडते. खिडकीच्या काचेला ८०० अंशांच्या वर न्यावं लागते, तिथवर चढता चढता मीटर पळत राहील. पहाटे लावा. पूर्ण व्होल्टेजला १३ अँपिअर ओढते, मीटरपासून वेगळी वायर टाका. कूलरच्या बोर्डावर नको.

नागपुरी_संत्रं : स्टॅबिलायझर घ्या ना. माझा ५ केव्हीएचा आहे.

वायरमन_भाऊ : मंग भट्टी कशात घेतीन त्या?

खेड्यातला_इंजिनियर : माझ्या मते खिडकीच्या काचेत बांगड्या मिसळू नयेत.

काचवेडी : हेच वर लिहिलंय मी! बरं, भट्टीत काच ठेवायच्या फळीला अॅल्युमिना-केओलिनचा लेप द्या, नाहीतर बशी फळीसकट काढावी लागेल. काच वितळली की ७०० पर्यंत लवकर उतरवा, मध्येच रेंगाळली तर वर पांढरट साय धरते. मग ५५० च्या आसपास तासभर थांबवा आणि पुढे हळूहळू. घाई केली तर ताण आत राहतो.

वऱ्हाडी_ठेचा : अन् मधातच लाईन गेली त?

काचवेडी : दार उघडायचं नाही. बस.

वऱ्हाडी_ठेचा : मे महिन्यात आर्णीत भट्टी लागतेच काहून? पट्ट्या टिनावर ठेवा, वितळतीन.

आर्णीची_सून : सगळ्यांचे आभार. अकोल्याला भंगारात प्रयोगशाळेतली जुनी मफल फर्नेस (बंद कप्प्याची विजेची भट्टी) मिळाली, १४ हजारांत. कंट्रोलर अन् थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारा) नवा टाकला.

नागपुरी_संत्रं : मफलमध्ये कॉईल बाजूला असते. कडा आधी तापून काच तडकेल. मी सांगितलं होतं.

आर्णीची_सून : पहिली तडकलीच. आता तासाला १०० अंशांनीच चढवते. दुसरी अख्खी निघाली, एका कोपऱ्यात साय आहे. पहाटे तीनला उठून लावते, अन् कूलर बंद ठेवते म्हणून सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी.