चातुर्मासी चिवड्यात अजिनोमोटो घालावे का? ते खरोखरच अपायकारक आहे का?

फराळवाली, रामबाग (इंदूर)

सर्वांना नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते आणि घरच्या घरी चिवडा, शेव, चकली असा फराळ करून विकते. दिवाळी सोडली तर माझ्याकडे सर्वाधिक मागणी चातुर्मासात असते, कारण आमच्या भागातील बरीच मराठी घरे आणि शेजारची जैन मंडळी त्या काळात कांदा-लसूण वर्ज्य करतात. अडचण अशी की, कांदा-लसणाशिवाय केलेला पोह्यांचा चिवडा तिखट-मीठ व्यवस्थित असूनही मागे काही चव ठेवत नाही, आणि ही तक्रार नेहमीची गिऱ्हाइकेसुद्धा संकोचत का होईना, करतात.

सियागंजातील ज्या दुकानातून मी मसाले आणि सुका मेवा घेते, तेथील शेठजींनी यावर ‘चायना नमक’ म्हणजे अजिनोमोटो किलोमागे अर्धा चमचा घालण्याचा सल्ला दिला आणि एक पुडीही बांधून दिली. पांढरे, चकचकीत, सुईसारखे लांबट स्फटिक आहेत. जिभेवर ठेवले तेव्हा आधी किंचित खारट आणि मग वरणाच्या निवळीसारखी एक चव बराच वेळ रेंगाळली. ती वाईट मुळीच नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्यामुळेच मी बिचकले.

सासूबाईंच्या मते हे विष आहे आणि ते मासळीपासून किंवा हाडांपासून बनते. माझा मुलगा मेघदूतच्या चौपाटीवर मंचुरियन खातो, त्याला त्याचे काहीच वाटत नाही. मला मात्र तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. हा पदार्थ शरीराला अपाय करतो का? लहान मुले खाणार असलेल्या फराळात तो चालतो का? आणि तो शाकाहारी आहे का? जैन घरी पाकीट देताना शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला खात्रीने देता आले पाहिजे.

जुना प्रयोगशाळावाला, ग्वाल्हेर

ताई, शेवटचा प्रश्न सोपा असल्यामुळे तो आधी घेतो. आज बाजारात मिळणारे मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच अजिनोमोटो, उसाची मळी, साखर किंवा टॅपिओकाचा स्टार्च यांवर विशिष्ट जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या पद्धतीने तयार केले जाते. त्यात मासळी नाही आणि हाडेही नाहीत. सुरुवातीच्या काळात ते गव्हातील प्रथिनापासून काढीत असत, म्हणजे तेही वनस्पतिजन्यच होते. ज्यांना जिवाणूंच्या वापरावरच आक्षेप आहे त्यांची गोष्ट वेगळी.

आता अपायाविषयी. १९०८ साली टोकियो विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळाच्या कढणाला जी विशिष्ट चव असते तिचे मूळ शोधले. ते निघाले ग्लुटामिक आम्ल. त्याचा सोडियमयुक्त क्षार, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, पाण्यात सहज विरघळतो आणि टिकतो, म्हणून पुढच्याच वर्षी तो विक्रीला आला. अजिनोमोटो हे तो विकणाऱ्या जपानी कंपनीचे नाव, पण आपल्याकडे ते पदार्थाचेच नाव होऊन बसले. हे ग्लुटामिक आम्ल म्हणजे प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी एक. डाळी, गहू, दूध या सर्वांत ते प्रथिनांमध्ये बांधलेल्या स्वरूपात असते, तर पिकलेल्या टोमॅटोत, मुरवलेल्या चीजमध्ये आणि सोया सॉसमध्ये ते मोकळ्या स्वरूपात असते. आईच्या दुधात मोकळे ग्लुटामेट गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असते. टोमॅटोतले ग्लुटामेट आणि पुडीतले ग्लुटामेट यांत शरीर फरक करीत नाही, कारण पाण्यात विरघळल्यावर ते एकच असते. पोटात गेलेल्या ग्लुटामेटचा फार मोठा भाग आतड्याच्या पेशी स्वतःचे इंधन म्हणून तिथल्या तिथे वापरून टाकतात आणि रक्तात त्यातले थोडेच पोहोचते.

मग भीती आली कोठून? १९६८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचे एक पत्र छापून आले. अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांत जेवल्यावर मानेच्या मागे बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते, असे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहिले होते. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातील वाइन, मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती शेवटची. ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ हे मथळ्याचे शब्द पुढे रोगाच्या नावासारखे वापरले गेले. त्यात वैद्यकापेक्षा परक्यांच्या स्वयंपाकाविषयीचा संशय अधिक होता, असे माझे मत आहे. त्याच चवीचे टोमॅटो सूप आणि चीज यांच्याविषयी असे पत्र कोणी लिहिले नाही.

दुसऱ्याच वर्षी जॉन ओल्नी या अमेरिकी संशोधकांनी नवजात उंदरांना या पदार्थाची इंजेक्शने दिली आणि त्यांच्या मेंदूच्या एका भागात इजा झाल्याचे दाखवले. तो प्रयोग खोटा नव्हता. मात्र कातडीखाली इंजेक्शनने, शरीराच्या वजनाच्या मानाने प्रचंड मात्रा देणे आणि जेवणातून चिमूटभर जाणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. त्या सुमारास अमेरिकेतील बालआहाराच्या उत्पादकांनी आपल्या उत्पादनांत तो घालणे स्वतःहून थांबवले, आणि ते योग्यच केले, कारण तान्ह्या बाळाच्या खाण्यात चवीसाठी काही घालण्याची गरजच नसते.

छप्पनचा खवय्या (इंदूर)

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु माझा अनुभव तिच्याशी जुळत नाही. छप्पन दुकान किंवा सराफा या इथल्या खाऊबाजारांत रात्री हाका नूडल्स आणि मंचुरियन खाल्ले की तासाभरात माझे डोके जड होते, घशाला कोरड पडते आणि रात्रभर पाणी प्यावे लागते. पोहे-जिलबी किंवा भुट्ट्याचा कीस खाऊन असे कधी होत नाही. कागदावरचे प्रयोग काहीही सांगोत, माझे डोके माझ्याजवळ आहे. अजिनोमोटो नाही तर मग कशामुळे होते, हे कोणी सांगेल का?

आहारतज्ज्ञ, बडोदा

आपले डोके दुखते यावर कोणीही शंका घेत नाही; प्रश्न कारणाचा आहे. नेमक्या आपल्यासारख्या, म्हणजे ‘मला अजिनोमोटो सोसत नाही’ असे स्वतः सांगणाऱ्या १३० व्यक्तींवर अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांना कधी रिकाम्या पोटी ५ ग्रॅम ग्लुटामेट, तर कधी तशाच चवीचे पण ग्लुटामेट नसलेले पेय दिले गेले, आणि कोणत्या वेळी काय दिले हे ना घेणाऱ्याला ठाऊक होते ना देणाऱ्याला. पहिल्या फेरीत ग्लुटामेटने त्रास झालेल्यांची संख्या अधिक होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच व्यक्तींना पुनःपुन्हा तपासले तेव्हा तोच त्रास त्याच पद्धतीने परत होणारे जवळजवळ कोणी उरले नाही, आणि अन्नासोबत दिल्यावर तर काही ठोस हाती लागले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने करवून घेतलेल्या १९९५ च्या अहवालाचा सूरही असाच होता: ३ ग्रॅम किंवा अधिक मात्रा अन्नाविना घेतली तर काही संवेदनशील व्यक्तींना डोकेदुखी, बधिरपणा, चेहऱ्याला लाली अशी अल्पकाळ टिकणारी लक्षणे जाणवू शकतात. जेवणातल्या एका वाढणीत सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी ग्लुटामेट असते.

आता आपल्या ताटलीकडे पाहू. मंचुरियनमध्ये मैदा आणि कॉर्नफ्लॉवरचे तळलेले गोळे असतात. त्यावर सोया सॉस, चिली सॉस आणि पुन्हा वरून मीठ पडते. सोया सॉस हे मुख्यतः खारट पाणीच आहे. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असते, तर मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये सुमारे १२ टक्के. घशाला कोरड पडून रात्रभर पाणी प्यावे लागणे हे सरळसरळ मिठाचे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि अशा एका जेवणात त्याचा बराच मोठा वाटा संपतो. शिवाय कढईतले तेल कितव्यांदा तापले आहे, हे गाडीवर कोणी विचारत नाही. तळणाच्या तेलातील खराब घटक, ज्यांना टोटल पोलर कंपाऊंड्स म्हणतात, २५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत असा आपल्याकडे नियम आहे. रात्री साडेअकराला, जेवण झाल्यानंतर, जागरण करीत खाल्लेला पदार्थ आणि सकाळी आठला खाल्लेले वाफवलेले पोहे यांची तुलना करून दोष एकट्या पुडीवर ठेवणे मला पटत नाही. तरीही एखादा पदार्थ वारंवार त्रास देत असेल तर तो सोडून द्यावा. त्यासाठी शास्त्राच्या परवानगीची गरज नाही.

फराळवाली ताईंच्या मुलांविषयीच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये या पदार्थासाठी दैनंदिन मर्यादा ठरवण्याची आवश्यकता नाही असे म्हटले होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०१७ मध्ये अधिक सावध भूमिका घेऊन शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली, आणि तयार पाकिटबंद पदार्थ भरपूर खाणाऱ्या काही गटांत, विशेषतः मुलांत, ती ओलांडली जाते असेही नोंदवले. हा कडक आकडा धरला तरी १५ किलोच्या मुलाला ४५० मिलिग्रॅम येतात. शेठजींनी सांगितलेला अर्धा चमचा म्हणजे अंदाजे २ ग्रॅम. ते किलोभर चिवड्यात घातले तर ५० ग्रॅमच्या वाटीत १०० मिलिग्रॅम उतरतात. चिंता त्या वाटीची नाही. त्याच दिवशी नूडल्सचा मसाला, चिप्सचे पाकीट आणि सूपची पुडी हेही पोटात गेले तर बेरीज वाढते, आणि त्या बेरजेत ग्लुटामेटपेक्षा मीठ मला अधिक सतावते.

येथे एक उलटी बाजूही आहे. किलोला १५ ग्रॅम मीठ घातलेल्या चिवड्यात सुमारे ५.९ ग्रॅम सोडियम जाते. मीठ ११ ग्रॅमवर आणून २ ग्रॅम ग्लुटामेट घातले तर ते साडेचार ग्रॅमच्या आसपास येते आणि चिवडा बेचव लागत नाही. दुर्दैवाने मीठ कमी करून ही पूड घालणारे विरळाच असतात. मीठ तेवढेच ठेवून वर ती घालणारेच बहुतेक.

माळव्याचा आचारी

मी लग्नकार्यांची कामे घेतो आणि माझा या पुडीला विरोध आहे, पण ती विष आहे म्हणून नव्हे. ही पूड आळशी स्वयंपाक झाकते. शेंगदाणे जुने, खोबरे पातळ आणि कमी, काजू नावापुरते, कढीपत्ता अर्धाकच्चा तळलेला, अशा मालालाही ती खाण्याजोगा करते. गिऱ्हाईक हात थांबवत नाही आणि आपल्याला काय कमी मिळाले हे त्याच्या लक्षातही येत नाही. अपाय म्हणायचा तर मी याला म्हणेन.

ताई, कांदा-लसूण नसल्यावर उणीव भासते ती खमंगपणाची. पोहे मंद आचेवर हाताला चुरचुरीत लागेपर्यंत भाजा, खोबऱ्याचे काप तांबूस होऊ द्या, फोडणीत तीळ आणि थोडी जास्त बडीशेप घाला, हिंग तेलात नीट फुलू द्या. आमचूर आणि पिठीसाखर शेवटी, चिवडा कोमट असताना घाला. त्यानंतरही काही कमी वाटले तर उन्हात कडकडीत वाळवलेल्या टोमॅटोची पूड किलोला दोन चमचे घालून पाहा. आमच्या जिरावनात, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्यात, आम्ही हाच उपाय करतो.

जुना प्रयोगशाळावाला, ग्वाल्हेर

आचारीबुवांचे म्हणणे पटले. एवढेच सांगतो की, त्यांची टोमॅटोची पूड जी कामगिरी करते ती बरीचशी त्याच ग्लुटामेटच्या जोरावर करते.

फराळवाली, रामबाग (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना मळीची गोष्ट वाचून दाखवली. त्यांचा विरोध कायम आहे, पण हाडांचा मुद्दा त्यांनी सोडला. मी सध्या टोमॅटोच्या पुडीचा एक घाणा करून पाहणार आहे. त्यावरून एक शंका उरते. ती पूड वापरून पाकिटावर ‘अजिनोमोटोविरहित’ असे छापता येईल का? तसे छापले तर माल लवकर उठेल, असे मुलाचे म्हणणे आहे.

लेबलवाचक

छापू नका. २०१५ साली मॅगीवर बंदी आली तेव्हा सर्वाधिक चर्चा शिशाची झाली, परंतु पाकिटावर ‘वेगळे एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट) घातलेले नाही’ असे लिहिलेले असताना चाचणीत ग्लुटामेट सापडले, हाही आक्षेपाचा एक भाग होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती बंदी रद्द केली, तरी त्या प्रकरणातून एक गोष्ट सर्वांना उमगली: प्रयोगशाळेतील चाचणी ग्लुटामेट किती आहे ते सांगते, ते पुडीतून आले की टोमॅटोतून, हे सांगू शकत नाही. आपल्या पाकिटाचा नमुना तपासला गेला तर ग्लुटामेट दिसेल आणि स्पष्टीकरण आपल्याला देत बसावे लागेल. मोठमोठ्या कंपन्याही यीस्टचा अर्क किंवा वनस्पती प्रथिनांचा अर्क घालून ‘एमएसजी नाही’ असे मिरवतात. तो शब्दांचा खेळ आपण खेळू नये.

उद्या अजिनोमोटोच घालायचे ठरले, तर आधी आपला पदार्थ अन्नसुरक्षा नियमांच्या कोणत्या वर्गात मोडतो ते पाहा, कारण अजिनोमोटो काही वर्गांत चालतो आणि काहींत सरसकट मना आहे. वापरल्यास घटकांच्या यादीत ‘चववर्धक (६२१)’ असा उल्लेख आणि बारा महिन्यांखालील बाळांसाठी नाही ही सूचना, दोन्ही द्यावी लागतात. सध्याच्या चिवड्यासाठी घटकांत ‘टोमॅटो पूड’ असे स्वच्छ लिहा आणि समोरच्या बाजूला ‘कांदा-लसूण विरहित’ एवढेच मोठ्या अक्षरांत छापा. आपले गिऱ्हाईक चातुर्मासात तेवढेच शोधते.