तयार पफचं पीठ, काजूचं सारण आणि डिसेंबरचा मेळावा

प्रेषक: पर्वरीहून, धाकटी वहिनी
प्रति: मंडळाची यादी
विषय: गोठवलेलं पफचं पीठ

नमस्कार मंडळी,

आखातातून गोव्यात परतलेल्यांनी नाताळनंतरच्या रविवारी पणजीत भेटायचं ठरलंय, आणि खाऊ माझ्या गळ्यात पडलाय. चाळीस माणसं धरा. एवढ्या करंज्या एकटीने लाटून तळणं मला झेपणार नाही. मस्कतला असताना आपण गोठवलेलं पफचं पीठ आणून सुक्या मेव्याच्या त्रिकोणी पुड्या करायचो, त्या कराव्यात असं मनात आहे. इथे काजू आहेच हाताशी.

पण तिथे घरभर एसी असायचा. इथल्या हवेत ते पीठ ओट्यावर ठेवलं की घाम फुटल्यासारखं ओलं होतं. ओटीजी, म्हणजे घरातली छोटी विजेची भट्टी, साधा, अठ्ठावीस लिटरचा. अंडं नको, निम्मे लोक खात नाहीत. कुणी इथे करून पाहिलंय का?

---

प्रेषक: फोंड्याहून, मावशी
विषय: उत्तर: गोठवलेलं पफचं पीठ

बाय,

कर बिनधास्त. दोनच गोष्टी सांभाळ: पीठ थंड राहायला हवं आणि सारण कोरडं. बाकी सगळं त्या पिठानेच आधी करून ठेवलेलं असतं.

या पिठात कणीक आणि लोणी एकाआड एक पसरलेलं असतं. तिहेरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात, म्हणून तर ते घरी करायचं कुणी मनावर घेत नाही. तापलेल्या भट्टीत गेलं की कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर वर उचलते. लोणी त्याआधीच ओट्यावर वितळलं तर ते कणकेत मुरतं, पदर एकमेकांना चिकटतात आणि हाती बिस्किट येतं. लोणी वितळतं बत्तीस-पस्तीस अंशांना, आणि मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडतं. दुपारी आपलं स्वयंपाकघर किती असतं ते तूच बघ. म्हणून हे काम सकाळी सातला, पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो त्या वेळेला उरकायचं.

पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेव. ओट्यावर सोडवू नकोस, बाहेरून ओघळतं आणि आतून दगड राहतं. एका वेळी एकच शीट बाहेर काढ. सुरी धारदार हवी आणि सरळ खाली दाबायची, ओढायची नाही. ओढलं की कडेचे पदर चिरडून बंद होतात आणि पुडी एका बाजूला कलते. नऊ सेंटिमीटरचे चौकोन काप. मध्ये सारणाचा एक भरलेला चहाचा चमचा, कडांना आतून पाण्याचं बोट, त्रिकोणी घडी, वर काट्याने दाब आणि मधोमध एक छोटी चीर, वाफेला वाट म्हणून. मग ट्रेसकट वीस मिनिटं फ्रीजरमध्ये. ही पायरी कुणी घाईत गाळते आणि मग पिठाला नावं ठेवते.

ओटीजी २०० अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापू दे. लहान ओटीजीत वरची कांब फार जवळ असते, म्हणून ट्रे मधल्याऐवजी खालच्या खाचेत. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. वर रंग आला की १८० वर आणून आणखी आठ-दहा मिनिटं. फिकट सोनेरी झाली की काढायचा मोह होतो, पण तोवर आतले पदर कच्चेच असतात. तपकिरीकडे झुकू दे. अंड्याऐवजी चमचाभर साखर घातलेलं दूध लाव, मात्र फक्त वरच्या पाठीला. कापलेल्या कडेवर ओघळलं तर तिथे पदर चिकटतात.

आता सारण. माणशी दोन धरल्या तर ऐंशी पुड्या. पीठ साधारण सव्वादोन किलो लागेल. सारणाला ८०० ग्रॅम काजू, ३०० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम भाजलेला रवा, ४० ग्रॅम खसखस, वेलची आणि जायफळ. आमच्या फोंड्याकडच्या कुळागरातलं (बागायतीतलं) जायफळ मिळालं तर उत्तम, ताजं किसून घाल. काजू आधी १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजून पूर्ण गार कर. पुडीच्या आत ते वाफेत राहतात, तिथे भाजले जात नाहीत, आणि न भाजलेला काजू पिठात पिठूळ लागतो. मिक्सरमध्ये साखरेबरोबरच, थांबत थांबत फिरव. नुसता काजू फिरवलास तर तेल सुटून गोळा होईल. रवा करंजीच्या सारणात असतो त्याच कामाला: साखर विरघळली की तो पाक धरून ठेवतो, नाहीतर तो ट्रेवर येऊन करपतो. माडाचा काळा गूळ मला जिवापाड आवडतो, पण इथे नको. तो हवेतलं पाणी ओढतो आणि तळ ओला करतो. ओलं खोबरं तर अजिबात नाही.

उरलेल्या कातरणाचा गोळा मळू नकोस, सगळी घडी मोडते. तुकडे एकावर एक रचून लाट, वर तीळ-साखर दाबून पट्ट्या भाज. पोरं त्याच आधी संपवतात.

---

प्रेषक: मडगावहून, अण्णा
विषय: उत्तर: गोठवलेलं पफचं पीठ

पाकिटातून काढायचं, भरायचं, भट्टीत सारायचं. याला करणं म्हणायचं का? आमच्याकडे साट्याच्या करंज्या होत आणि त्यांचे पदर मोजता येत. नाताळात शेजारून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांचं ताट येतं, त्याला परत द्यायला आपण दुकानातलं पीठ पाठवणार?

शिवाय त्या पाकिटात लोणी असतं ही मावशींची समजूत गोड आहे. बहुतेकांत डालडाची भावंडं असतात.

---

प्रेषक: फोंड्याहून, मावशी
विषय: उत्तर: उत्तर: गोठवलेलं पफचं पीठ

अण्णा,

साटा म्हणजे तरी काय? तूप आणि तांदळाचं पीठ फेसून पोळ्यांच्या मध्ये लावायचं, गुंडाळी करायची, कापून लाटायची. पदर वेगळे ठेवायची युक्ती तीच. तिथे तांदळाच्या पिठामुळे पोळ्या चिकटत नाहीत आणि मंद तुपात तळताना पदर उलगडतात. इथे ते काम वाफ करते. म्हणूनच हे पीठ तळायला घेऊ नये, सुटलेले पदर तेल पितात. आणि साट्याची करंजी भट्टीत घालू नये. दोन्ही आपापल्या जागी.

डालड्याचं मात्र तुमचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पाकिटाच्या मागे घटक वाचायचे. ‘बटर’ लिहिलं असेल तर लोणी, नाहीतर बेकरी मार्जरीन किंवा वनस्पती. मार्जरीन लोण्यापेक्षा चढ्या तापमानाला वितळतं, त्यामुळे आपल्या उकाड्यात हाताळायला सोपं आणि फुगतंही झकास. पण थंड झाल्यावर टाळूला मेणाचा थर बसतो, तो त्याचाच. ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा पूर्वीइतकी धास्ती नको, तरी मी लोण्याचंच घेईन. नाही मिळालं तर मार्जरीनच्या पुड्या गरम असतानाच वाढायच्या.

शेजारच्या ताटाला तुम्ही साट्याच्या करंज्या द्या ना. आम्ही कुणी अडवलंय? दोन डझन आम्हालाही चालतील.

---

प्रेषक: मस्कतहून, भाऊ
विषय: उत्तर: गोठवलेलं पफचं पीठ

मी अजून इथेच, तुमच्या गप्पा वाचून तोंडाला पाणी सुटलं.

वहिनी, इथून सुट्टीवर कुणी येत असेल तर त्यांच्या बॅगेत पीठ मागवू नका. विमानतळापर्यंत पोचायच्या आत सुटतं, आणि एकदा सुटलेलं पुन्हा गोठवलं की पदर बसतात. तुमच्याकडे वीज जाते तेव्हा फ्रीजर उघडूच नका, बंद राहिला तर थंडी बराच वेळ टिकते.

फिलो मिळालं तर तो सगळा वेगळा हिशेब. त्यात स्निग्ध जवळजवळ नसतंच, कागदासारखे पापुद्रे असतात, प्रत्येकावर आपणच तूप लावायचं. पापुद्रे हवेवर पाच मिनिटांत कडक होऊन तुटतात, म्हणून वर ओलसर पिळलेलं फडकं. लोणी नको, साजूक तूप घ्या: लोण्यात पंधरा-सोळा टक्के पाणी असतं आणि ते पापुद्रे मऊ पाडतं. ट्रेमध्ये रचून काजू-पिस्ता पसरला की भाजायच्या आधीच वड्या पाडायच्या, नंतर सुरी लावली तर भुगा होतो. वरून ओतायचा साखरेचा पाक आणि ट्रे यांपैकी एकच गरम, दुसरं गार. दोन्ही गरम असले की लगदा.

तिकडे दोन्ही मिळेना तर गोठवलेला मलबार परोठा घ्या. तोही पदरांचाच, सगळीकडे मिळतो. अर्धा सुटू द्यायचा, मध्ये सारण, दुमडून कडा दाबायच्या, १९० वर. पफइतका फुगत नाही पण खुसखुशीत होतो, आणि पाहुण्यांना सांगितलं नाही तर कळत नाही.

---

प्रेषक: म्हापशाहून, काका
विषय: काजूबद्दल

काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून चार ओळी.

सारणाला अख्खा काजू घेणं म्हणजे पैशांचा धूर. डब्ल्यू ३२० म्हणतात त्याचा अर्थ एका पाउंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू १८० त्याहून मोठा, म्हणून महाग. तो पाहुण्यांपुढे बशीत ठेवायला. चवीचा आणि या आकड्याचा संबंध नाही. तुम्ही पाकळी किंवा तुकडा मागा. फोडताना फुटलेला तोच गर, किलोमागे बराच स्वस्त. फार बारीक कणी घेऊ नका, भाजताना करपते. सालीसकट भाजलेला काजू चहाबरोबर छान, सारणात त्या सालीचा तुरटपणा उतरतो.

घ्यायच्या आधी एक तोंडात टाका. दातांखाली मोडला पाहिजे. चिवट लागला तर ओल धरलीये, आणि जुन्या तेलाचा वास आला तर खवट. सुट्टा माल शुक्रवारच्या बाजारात मिळतो, पण सकाळीच या. गोव्याचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक गर गोव्यातला नसतो, आफ्रिकेतून कच्चं बी येतं आणि इथे फोडलं जातं. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूगराला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा खात्री हवी असेल तर तो शिक्का असलेलं पाकीट पाहा. पुड्यांत घालून भाजल्यावर फरक ओळखणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. (अण्णा आता लिहितीलच.)

पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलमधून आणलं. साट्याच्या करंजीत काजू घालणाऱ्यांनीही तेवढं लक्षात ठेवावं.

---

प्रेषक: पर्वरीहून, धाकटी वहिनी
विषय: एक अडचण

सगळ्यांचे आभार. कांदोळीच्या दुकानात लोण्याचं पीठ आहे, विचारून आले. आमच्याजवळच्या पॅटिसवाल्या बेकरीतही आदल्या दिवशी सांगितलं तर लाटलेलं पीठ किलोवर देतो म्हणाला, पण त्याचं मार्जरीनचं.

येणाऱ्यांत एका मुलाला काजूची ॲलर्जी आहे, त्याच्या आईने आज कळवलं. त्याच्यासाठी थोड्या पुड्या पिस्त्याच्या करू का?

---

प्रेषक: फोंड्याहून, मावशी
विषय: उत्तर: एक अडचण

पिस्ता नको! काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, ज्याला एक सोसत नाही त्याला बहुधा दुसराही सोसत नाही. तिळावरही आधी त्याच्या आईला विचार, काहींना तीळही चालत नाहीत. सुकं खोबरं, खसखस, भाजलेला रवा आणि बेदाणे चालतील का ते विचारून तसं सारण कर. पण वेगळं सारण करून भागत नाही. त्याच्या पुड्या सगळ्यात आधी, मिक्सरला काजू लागायच्या आत. वेगळी सुरी, वेगळा ट्रे, वेगळा डबा, डब्यावर नाव, आणि पीठाच्या पाकिटावरची ॲलर्जीची ओळही वाच. पणजीला नेल्यावर तो डबा त्याच्या आईच्या हातात दे, टेबलावर ठेवू नकोस. पोरं हात घालतात.

ऐंशीचं म्हणशील तर तुझ्या ओटीजीत एका वेळी दहा-बारा मावतील. म्हणजे सात-आठ घाणे, साडेतीन तास सहज. एका दिवसात करू नकोस. बुधवार-गुरुवारी भरून कच्च्याच ट्रेवर गोठव, कडक झाल्या की पिशवीत भर. रविवारी सकाळी थेट फ्रीजरमधून भट्टीत, सोडवायच्या नाहीत, फक्त पाच मिनिटं जास्त. भाजलेल्या पुड्या आदल्या दिवशी करून ठेवल्यास तर डबा कितीही घट्ट असो, आपल्या हवेत संध्याकाळपर्यंत नरम पडतात. तशा पडल्याच तर १६० वर पाच-सात मिनिटं पुन्हा गरम करायच्या, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

निम्म्या माझ्याकडे पाठव. माझा ओटीजी मोठा आहे आणि मी रविवारी तशीही पणजीला लवकर येतेय.

---

प्रेषक: मडगावहून, अण्णा
विषय: उत्तर: उत्तर: एक अडचण

काजूचा फरक मला कळतो. म्हापसेकरांनी दोन्ही तऱ्हेच्या पुड्या वेगवेगळ्या बशीत, नाव न सांगता ठेवाव्यात.

करंज्या तीन डझन आणतो. घरच्या साट्याच्या. बेकिंग पेपर कुणी आणायचा ते ठरवा, मावशींकडचा संपलाय असं सौ. म्हणते.