अ‍ॅनाग्रामचे गट: सॉर्ट करून सोडवलं म्हणून गुण कापायचे?

नौपाडाकर: ठाण्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पायथन शिकवते. सरावाला प्रश्न होता: इंग्रजी शब्दांची यादी दिली आहे, तीच अक्षरं असलेले शब्द, म्हणजे अ‍ॅनाग्राम, एकत्र करा (लिसन आणि सायलेंटच्या स्पेलिंगमध्ये तीच सहा अक्षरं आहेत) आणि दोन किंवा जास्त शब्दांचे गट किती ते सांगा. बहुतेकांनी शब्दाची अक्षरं सॉर्ट करून (क्रमाने लावून) तीच डिक्शनरीची की केली, म्हणजे ज्या खुणेखाली शब्द साठवायचे ती. सोबतच्या सरांनी गुण कापले. म्हणे कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोजून हे आणखी वेगात होतं.

मला हे अजिबात पटत नाही. शिकायची गोष्ट ही की प्रत्येक शब्दाला अशी खूण द्यायची, जी त्याच्या सगळ्या अ‍ॅनाग्रामना सारखीच येईल आणि दुसऱ्या कुणालाच येणार नाही. दहा हजार शब्दांच्या जोड्या तपासत बसलात तर ४,९९,९५,००० जोड्या होतात. खूण सापडली की दहा हजार वेळा डिक्शनरीत बघायचं, संपलं. ही उडी ज्याने मारली त्याचे गुण का कापता?

ऐरोलीचा बॅकएंडवाला: मी सरांच्या बाजूने. शब्द लांब झाला की सॉर्टिंग महागतं. डीएनएचे तुकडे घ्या, अक्षरं चारच, लांबी हजार. सॉर्टला अंदाजे हजार गुणिले दहा तुलना, मोजणीला हजार पावलं. हा फरक मुलांना दुसऱ्या वर्षी नाही कळला तर कधी कळणार? इंटरव्ह्यूत मी हेच विचारतो आणि पोरं गप्प होतात.

नौपाडाकर: प्रश्न डीएनएचा नव्हता हो! आठ अक्षरी शब्दाला सॉर्टिंग म्हणजे आठ गुणिले तीन, चोवीसच्या आसपास. मोजणीत आठ अक्षरं वाचा, शिवाय सव्वीस खान्यांची की बनवा: चौतीस. त्यात सॉर्टेड हे फंक्शन आतून सी भाषेत चालतं आणि मुलांचा लूप पायथनमध्ये.

ऐरोलीचा बॅकएंडवाला: लूप कशाला? चार अक्षरांसाठी चारदा काउंट हे मोजणारं फंक्शन बोलवा, तेही सीमध्येच चालतं.

वाशी सेक्टर १७: दोघांचंही राहू द्या. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या, ए ला २, बी ला ३, आणि गुणाकार हीच की. सॉर्ट नको, खाने नकोत.

ऐरोलीचा बॅकएंडवाला: सुंदर आहे, पण जावात लिहाल तर फसाल. झेडला सव्विसावी मूळ संख्या येते, १०१. तिचा नववा घात ६४ बिटांत बसतो, दहावा बसत नाही. पायथनमध्ये संख्या हवी तेवढी वाढते म्हणून उत्तर बरोबर येईल, पण लांब शब्दांना तो गुणाकारच जड होतो. आणि कुणी गुणाकाराऐवजी बेरीज केली तर ‘एबी’ आणि ‘सी’ एकाच गटात जातील.

नौपाडाकर: मोजणीतही असाच खड्डा आहे. आकडे चिकटवून स्ट्रिंग केली की १ पुढे ११ आणि ११ पुढे १, दोन्ही १११. मध्ये स्वल्पविराम हवा किंवा सरळ टपल (पायथनमधली न बदलणारी यादी). मोजणीवाल्या काही उत्तरांत हीच चूक होती, तरी त्यांना पूर्ण गुण! याचा मला जास्त राग आहे.

कोपरी: एक विचारू? यादी मराठी दिली तर? ‘कमल’ आणि ‘कलम’ सोपे आहेत. ‘वानर’ आणि ‘नवरा’ घ्या. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) काना वेगळा मोजला जातो, म्हणून सॉर्ट करा की मोजा, दोन्ही एकाच गटात पडतील. मराठी वाचणारा मात्र वा-न-र आणि न-व-रा म्हणेल आणि नाही म्हणेल. आधी अक्षरं नीट तोडायला हवीत, जोडाक्षरांसकट. सव्वीस खाने तर इथे उपयोगाचेच नाहीत.

नौपाडाकर: हा प्रश्न पुढच्या सरावात घेतेच. सोबत ठाणे-वाशी मार्गावरची स्टेशनं देते: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. एकही जोडी जुळत नाही, म्हणून उत्तर शून्य यायला हवं. एकट्या शब्दालाही गट मोजणारे तिथे पकडले जातील. तोवर कापलेले गुण परत मागणार आहे.

ऐरोलीचा बॅकएंडवाला: परत द्यायला माझा अजूनही विरोध आहे. निदान एक फाइल लाखभर अक्षरांच्या ओळींची ठेवा आणि वेळ मुलांनाच मोजू द्या.