शब्दचर्चा : गाडी ‘देते’, ‘खाते’ की तिला ‘लागते’?

शहापूरकर :

बेळगावातील आम्ही सात-आठ गाडीवेडे दर रविवारी सकाळी चहाला जमतो आणि एखादी गाडी निवडून तिच्यावर मनसोक्त बोलतो. मागच्या रविवारी २००५ साली टोकियोच्या मोटार प्रदर्शनात फोक्सवॅगनने मांडलेल्या ‘इकोरेसर’ची पाळी होती. दीड लिटरचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन, १३६ अश्वशक्ती, कार्बन तंतूंच्या बॉडीमुळे वजन अवघे ८५० किलो, जागेवरून सुटून ताशी शंभराचा वेग ६.३ सेकंदांत, कमाल वेग ताशी २३० किलोमीटर, आणि एवढे सगळे असून शंभर किलोमीटरला ३.४ लिटर डिझेल, असे आकडे कंपनीने तेव्हा दिले होते. त्या गप्पांचे टिपण मराठीत लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले आणि पहिल्याच वाक्यापाशी घोडे अडले. मी लिहिले होते : ‘इकोरेसर ही इंधन-कार्यक्षम डिझेल संकल्पना क्रीडामोटार आहे.’ वडिलांनी हे वाक्य दोनदा वाचले आणि विचारले, ‘गाडी चांगली म्हणायची आहे, की स्वस्तात चालणारी म्हणायची आहे?’ वाक्यातला एकेक शब्द मराठीत बसणारा असूनही त्यातून ही साधी गोष्ट कळत नसेल, तर ते वाक्य मोडून पुन्हा बांधले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या चर्चेतही शब्दांमुळेच दोन तट पडले होते. ३.४ हा आकडा ऐकल्याबरोबर एका मित्राने ‘एवढे कमी?’ असे म्हटले, कारण त्याच्या कानाला सवय आहे ती लिटरमागे किती किलोमीटर, या हिशेबाची. युरोपात शंभर किलोमीटरमागे किती लिटर, असे मोजतात, त्यामुळे तिथे आकडा जितका लहान तितकी गाडी सरस. आपल्या पद्धतीने हाच आकडा लिटरला सुमारे २९ किलोमीटर होतो. यासाठी आपल्याकडे दोन शब्द नांदतात. कोल्हापूर-पुण्याकडच्या माणसाशी बोलताना आपण ‘ॲव्हरेज’ म्हणतो आणि हुबळी-धारवाडकडच्या माणसाशी बोलताना नकळत ‘मायलेज’वर येतो, एकाच पंपावर उभे राहिले तर दोन्ही कानांवर पडतात. ‘मायलेज’मध्ये मैल दडलेला आहे, जो आपण केव्हाच मोजायचा सोडला. ‘ॲव्हरेज’चा मूळ अर्थ सरासरी, पण ‘गाडीचे ॲव्हरेज चांगले आहे’ ही स्तुती आणि ‘गाडी ॲव्हरेज आहे’ ही नापसंती, असा चमत्कारिक पेच त्यातून उभा राहतो.

क्रियापद मात्र दोन्हींकडे एकच आहे. आपण विचारतो, ‘किती देते?’ आणि कन्नड बोलणारा शेजारी विचारतो, ‘एष्टु कोडतद?’ म्हैस किती दूध देते, हे विचारावे तसाच हा प्रश्न आहे, आणि म्हशीप्रमाणेच इथेही पुढ्यात घातलेली वैरण नजरेआड राहते. हा दोष छोटा नाही. समजा, एका गाडीचे देणे लिटरला १० वरून १५ किलोमीटरवर गेले, तर शंभर किलोमीटरला सव्वातीन लिटरांहून अधिक डिझेल वाचते. दुसरी गाडी ३० वरून ४० वर गेली, तर वाचते जेमतेम पाऊण लिटर किंवा किंचित अधिक. ‘देते’ या शब्दात पाच आणि दहाची तुलना होते आणि दुसरी गाडी मोठी मजल मारल्यासारखी दिसते, वास्तविक खिशातला फरक पहिलीने पाडलेला असतो. म्हणून माझी सूचना अशी की लिहिताना ‘गाडी शंभराला किती तेल खाते’ हा प्रयोग आपण जाणीवपूर्वक रुजवावा. ‘इंधन-कार्यक्षम’, ‘संकल्पना’ आणि ‘क्रीडामोटार’ यांना काय पर्याय सुचतात, तेही जाणकारांनी सांगावे.

उद्यमबागकर :

शहापूरकर, हिशेब आपण नेमका मांडला आहे, पण ‘तेल खाते’ हा शब्द कृपया वापरू नये. उद्यमबागेत माझे यंत्रकामाचे छोटे वर्कशॉप आहे आणि इंजिनाचे सुटे भाग रोज हाताखालून जातात. आमच्याकडे ‘इंजिन ऑईल खायला लागले’ असे कोणी म्हणाले, की पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरची भिंत घासली गेली आणि वंगणाचे तेल वर चढून जळते आहे, एवढा सगळा निदानाचा भाग त्या एका वाक्यात येतो. धूर निळसर होतो, आणि रिंग काढून बोटांवर फिरवली तर तिची कड चमकते व नखाला धारेसारखी लागते. खाणे हा इंजिनाचा रोग आहे. निरोगी गाडीच्या डिझेलसाठी तो शब्द वापरला, तर गॅरेजमधला माणूस गाडी उघडायला घेईल. शिवाय ‘खाते’ म्हटल्यावर ते जास्तच खाते, असा दोषारोप आपोआप चिकटतो.

आता ‘इंधन-कार्यक्षम’. या शब्दाला माझा विरोध व्याकरणासाठी नाही, श्रेय चुकीच्या ठिकाणी जाते म्हणून आहे. कार्यक्षमता म्हणजे दिलेल्या उष्णतेपैकी किती भाग कामाला आला, याचे प्रमाण, आणि ते इंजिनाचे असते. डिझेल इंजिन या बाबतीत पेट्रोलच्या पुढे असते हे खरे, कारण त्यात हवा फार जास्त दाबली जाते, ठिणगीच्या प्लगाशिवाय त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते, आणि वेग कमी करण्यासाठी हवेची वाट अडवून धरावी लागत नाही. पण इकोरेसरचे ३.४ हे एकट्या इंजिनाचे कर्तृत्व समजणे चूक आहे.

याचा पुरावा दुसऱ्या एका गाडीत आहे आणि तिचे इंजिन आपल्याला मुळीच परके नाही. ओपेलने २००२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ‘इको-स्पीडस्टर’ मांडली. तिच्यात १.३ लिटरचे डिझेल इंजिन होते, वाढवून ११२ अश्वशक्तीपर्यंत नेलेले. वजन ६६० किलो, हवेच्या रोधाचा गुणांक ०.२० (हा जितका लहान तितकी हवा कमी अडवते), आणि दावा शंभर किलोमीटरला अडीच लिटरांचा, म्हणजे लिटरला ४० किलोमीटर. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतून आलेल्या याच इंजिनाचा १२४८ सीसीचा भाऊबंद पुढे भारतात बनू लागला. २००७ पासून डिझेल स्विफ्टमध्ये तो आपल्या रस्त्यांवर आला आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही गाड्यांच्या धुराची कडक मानके लागू झाली तेव्हा मारुतीने तो बंद केला. आमच्या घरी ती गाडी होती. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशेब मी वहीत लिहून ठेवत असे आणि महामार्गावर बेताने चालवली तर तिने लिटरला बावीसपर्यंत दिले. घराणे एकच, तरी तिथे ४० आणि इथे २२. स्विफ्टचे वजन एक टनाच्या वर, उंची माणसे बसवण्यासाठी ठेवलेली, पाठ चौकोनी. उरलेले अठरा किलोमीटर कोठे गेले, याचे उत्तर बरेचसे वजनात आणि वाऱ्यात आहे. म्हणून संपूर्ण गाडीचा गुण सांगायचा असेल तर ‘काटकसरी’ म्हणावे आणि ‘कार्यक्षम’ हा शब्द इंजिनासाठी राखून ठेवावा.

एक शब्द आपण विचारला नाही, तो मी पुढे करतो : ‘ओढ’. गाडीची चर्चा करताना सगळे ‘पिकअप’ म्हणतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. ६.३ सेकंदांत शंभर गाठणे हा पिकअप. पण चोर्ला घाटात, गाडीत पाच माणसे आणि मागे सामान असताना, वळणावर वेग मेला तरी गिअर न उतरवता गाडी पुन्हा वर निघते, ती ओढ. शेतातल्या पंपाच्या इंजिनापासून ट्रॅक्टरपर्यंत आपला शेतकरी हाच शब्द वापरतो. परिभाषेत ‘परिबल’ (इंग्रजीत टॉर्क) असेल, ते पाठ्यपुस्तकात शोभते. इकोरेसरची ओढ २५० न्यूटन-मीटर आहे, आणि ८५० किलोंच्या गाडीला ती भरपूर आहे. डिझेलची गाडी स्पोर्ट्स कार होऊच शकत नाही, असे जे म्हणतात, ते आवाज आणि इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे यांच्याकडे पाहतात. ओढीकडे पाहणारे उलट बोलतात. वादाचा निम्मा भाग एवढ्यानेच मिटावा.

निपाणीकर :

‘संकल्पना गाडी’ ऐवजी मला ‘वानगी’ सुचवावीशी वाटते. आमच्याकडे तंबाखूच्या आणि धान्याच्या व्यापारात हा शब्द अजून जिवंत आहे. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान्य बाहेर काढतात, तळहातावर पसरतात, एक दाणा दाताखाली धरतात आणि भाव बोलतात. ती मूठ म्हणजे वानगी. प्रदर्शनातली गाडीही गिऱ्हाइकाला आणि पत्रकारांना दाखवायचीच असते. ‘नमुना’ मला नको वाटतो, कारण माणसाला नमुना म्हटले की ते हेटाळणीचे होते.

तरीही स्वतःच्याच सूचनेवर एक आक्षेप मला नोंदवला पाहिजे. वानगी आणि पोते यांत तफावत निघाली तर आमच्या बाजारात सौदा मोडतो. प्रदर्शनातल्या गाडीच्या मागे मात्र पोतेच नसते. इकोरेसर पुढे विक्रीला आलीच नाही. वानगी हा शब्द जे वचन देतो, ते या गाडीने कधी दिले नव्हते. या कारणाने ‘प्रदर्शनासाठी बनवलेली’ असे चार अक्षरे जास्त खर्चून लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. शब्द गोड आहे म्हणून अर्थ वाकवू नये.

खानापूरकर :

‘क्रीडामोटार’ बोलण्यात कोणीच वापरणार नाही. ‘शर्यतीची गाडी’ हा सोपा पर्याय वाटतो, पण आमच्या भागात शर्यत म्हटली की आधी बैलगाडा डोळ्यांपुढे येतो, आणि मोटारींतही शर्यतीची गाडी वेगळी असते. २००६ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारी ऑडी आर-१० टीडीआय ही खरी शर्यतीची गाडी, आणि ती शर्यत जिंकणारी पहिली डिझेल गाडीही तीच. इंधन भरायला कमी वेळा थांबावे लागणे हा तिथे डिझेलचा मोठा फायदा होता, म्हणजे काटकसर हाच वेगाचा भाग होता. इकोरेसर मात्र रस्त्यावर मौजेने चालवायची गाडी आहे. तिला ‘स्पोर्ट्स कार’ असेच म्हणावे.

लिंगाचीही एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. आपण ‘डिझेल घेतले’ म्हणतो तेव्हा इंधन घेतलेले असते आणि ‘डिझेल घेतली’ म्हणतो तेव्हा गाडी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे आडनाव मराठीत आले, आणि एका प्रत्ययाच्या बळावर त्याने पंप आणि शोरूम दोन्ही सांभाळले. शहापूरकरांच्या वाक्यात ‘डिझेल’ हे विशेषण म्हणून सुटे उभे आहे. ‘डिझेलवर चालणारी’ असे लिहिले तर ते जमिनीवर येईल.

शहापूरकर :

सर्वांचा मी ऋणी आहे. उद्यमबागकर, ‘खाते’ मी मागे घेतो. ‘खप’ हा शब्दही तपासून पाहिला, पण डिझेलचा खप म्हटले की पंपावर किती विकले गेले, असेच वाटते. मग वडिलांनीच सहज विचारले, ‘गोव्याला जाऊन यायला तिला किती डिझेल लागते?’ ‘लागणे’ या क्रियापदात स्तुती नाही, ठपका नाही आणि रोगही नाही. भाकरीला पीठ लागते तसे गाडीला डिझेल लागते. ‘शंभर किलोमीटरला ३.४ लिटर लागते’ हे वाक्य पूर्ण मराठी आहे आणि मोजणीही त्यातून सरळ दिसते.

‘काटकसरी’ मी स्वीकारतो, एक मर्यादा सांगून. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतील फसवणूक उघड झाली, त्यानंतर काटकसरी आणि स्वच्छ या दोन गोष्टी एका श्वासात उच्चारणे बरोबर ठरणार नाही. कमी डिझेल लागणारी गाडी नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त सोडू शकते. ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण मी टिपणातून काढून टाकले आहे.

लिहिता लिहिता आणखी एक चूक सापडली आणि ती सर्वांत साध्या शब्दात होती. मी लिहिले होते, ‘कमाल वेग ताशी २३० किलोमीटर आणि शंभराला ३.४ लिटर.’ हा ‘आणि’ खोटा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, त्यामुळे २३० ने पळणाऱ्या गाडीला ३.४ लिटर पुरणे शक्य नाही. तो आकडा ठरावीक चाचणीतल्या संथ-मध्यम वेगाचा असतो. गाडी दोन्ही करू शकते, एकाच वेळी करू शकत नाही. आमच्या रविवारच्या वादात अर्धे लोक याच ‘आणि’वर विश्वास ठेवून भारावले होते आणि उरलेले अर्धे त्याच ‘आणि’मुळे सगळेच थाप समजत होते.

वाक्य आता असे केले आहे : ‘२००५ साली टोकियोत प्रदर्शनासाठी बनवून मांडलेली इकोरेसर ही डिझेलवर चालणारी, वजनाला हलकी, ओढीला दमदार आणि काटकसरी स्पोर्ट्स कार होती, बेताने चालवल्यास तिला शंभर किलोमीटरला ३.४ लिटर डिझेल लागे, आणि डिझेलची पर्वा न करता पळवल्यास ती ताशी २३० किलोमीटरपर्यंत जाई.’ वडिलांनी ते एकदाच वाचले आणि विचारले, ‘मग विकायला का आणली नाही?’